पायलट ट्रेनिंगमध्ये ब्रेक घ्यायचा का? आधी परतीची तारीख, मग ब्रेक

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

कोणी पीएमटीत लटकत ऐकत असेल, कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून. निवांत ऐका, आजचा विषय घाईचा नाहीच. आजचा विषय आहे थांबण्याचा.

जुन्या श्रोत्यांना माहितीये, पण नवीन मंडळींसाठी सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, पाच वर्षं कोड लिहिला, पैसे साठवले आणि नोकरी सोडून कमर्शियल पायलट लायसन्सच्या, म्हणजे सीपीएलच्या मागे लागलो. लोहगावला धावपट्टी आहे, पण ती हवाई दलाची. तिथे आपल्याला कोण सर्किट मारू देणार? त्यामुळे पुण्याच्या पोराला उडायला शिकायचं तर बारामती, धुळे, गोंदिया असं कुठेतरी बाडबिस्तरा घेऊन जावं लागतं. मी बारामतीला गेलो. आज माझ्या लॉगबुकात ११८ तास आहेत. लागतात २००.

आणि या ११८ वर मला ठरवायचं होतं, की पुढे जायचं का ब्रेक घ्यायचा. कारण साधं आहे. एप्रिलमध्ये बाबांची बायपास झाली. ते आता बरे आहेत, सकाळी सोसायटीत फेऱ्या मारतात आणि मला फोनवर "हेल्मेट घालतोस ना?" विचारतात. विमानात हेल्मेट नसतं हे त्यांना माहितीये, ते बाइकबद्दल विचारतात. पण विम्याच्या वरचा खर्च माझ्या ट्रेनिंगच्या पैशातून झाला. सहा लाख कमी पडले.

तर हा भाग फक्त माझ्याबद्दल नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज येतात. कोणाचे पैसे संपलेत, कोणाचं लँडिंग जमत नाहीये आणि मन उठलंय, कोणाच्या घरी काहीतरी झालंय. प्रश्न सगळ्यांचा एकच: "दादा, ब्रेक घेतला तर सगळं वाया जाईल का?"

उत्तर देतो. पण आधी थोडं नियमांचं बोलू, कारण वाया काय जातं हे नियमांत लिहिलेलं आहे.

सीपीएलला २०० तास लागतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते २०० तास कधीचेही चालत नाहीत. १९३७ च्या एअरक्राफ्ट रुल्समध्ये अट अशी आहे की अर्ज करायच्या आधीच्या ५ वर्षांतले तास धरायचे. त्यात किमान १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर. त्या १०० पैकी किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले हवेत. ५० तास क्रॉस कंट्री, त्यात एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास इन्स्ट्रुमेंट. आणि रात्रीचं उड्डाण ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह, तेही शेवटच्या ६ महिन्यांतलं. स्किल टेस्टलाही अशीच मुदत. नियमांत दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे तुमचा अर्ज भरताना डीजीसीएच्या साइटवरचं ताजं बघा. माझ्यावर विसंबू नका.

आता हे नीट बघा. यातले काही तास दुधासारखे आहेत आणि काही तुपासारखे. क्रॉस कंट्रीचे तास तूप, टिकतात. नाइटचे तास आणि शेवटचे १५ तास दूध. आज काढून ठेवले आणि सात महिन्यांनी आलात, तर नासले. परत उडवा, परत पैसे भरा.

म्हणजे ब्रेक घ्यायचा का, याच्या आधीचा प्रश्न आहे की तुम्ही कुठे उभे आहात? कोणी १८५ तासांवर असेल, नाइट नुकतं झालं असेल आणि स्किल टेस्ट बाकी असेल, तर मी म्हणेन की बाबा रे, उसने घे, मामाकडे माग, काही कर, पण दोन महिने ओढून संपव. तिथे घेतलेला ब्रेक सगळ्यात महाग. आणि कोणी पहिल्या सोलोच्या उंबरठ्यावर असेल, १५-२० तासांवर, तरी थांबू नका. कारण तेव्हा हात नुकता बसत असतो. दोन महिन्यांनी परत आलात तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात.

मग थांबायला बरी जागा कोणती? एखादा टप्पा पूर्ण झाल्यावर. सोलो पक्कं झालंय, क्रॉस कंट्री बरीचशी झालीये, नाइटला हात लावलेला नाही. म्हणजे साधारण माझ्यासारखी जागा. नशीब म्हणा, नियोजन नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. कागदावरचे तास टिकतील, पण हातातलं आणि डोक्यातलं काय?

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत तिथल्या एफएएसाठी १९८३ साली एक अहवाल आला. नवीन प्रायव्हेट पायलट झालेल्यांची कौशल्यं लायसन्स मिळाल्यावर ८, १६ आणि २४ महिन्यांनी तपासली. घसरण होती, आणि ती पहिल्या आठ महिन्यांतच दिसायला लागली होती. आणि आपलं नेमकं काय घसरलंय याचा लोकांचा स्वतःचा अंदाज काही फार भरवशाचा नव्हता.

माझ्या इन्स्ट्रक्टर सरांनी हेच गावाकडच्या भाषेत सांगितलं. ते म्हणाले, "सायकल विसरत नाही माणूस. पण सायकलला चेकलिस्ट नसते." म्हणजे स्टिक धरणं, विमान सरळ ठेवणं, हे लवकर परत येतं. आधी जातो तो क्रम. इंजिन बंद पडलं तर पहिलं काय, दुसरं काय. रेडिओवर कुठल्या वेळी काय बोलायचं. हे डोक्यात तयार असायला लागतं, तिथे आठवत बसायला वेळ नसतो. आपण कोडिंगवाल्यांना माहितीये, सहा महिन्यांनी आपलाच कोड उघडला की "हे कोणी लिहिलंय?" असं होतं. फरक एवढाच की तिथे चहा पिऊन परत वाचता येतं. फायनल अप्रोचवर चहा नाही.

तर ब्रेकची किंमत धरताना परत आल्यावरचे उजळणीचे तास धराच. ८ धरा, १० धरा. तासाला समजा १५ हजार. म्हणजे सव्वा ते दीड लाख रुपये नुसते परत जिथे होतो तिथे यायला.

आता माझा हिशोब उघडून ठेवतो. एक्सेल शीट बनवलीच, सवय जात नाही.

पर्याय एक. सहा लाखांचं पर्सनल लोन घ्यायचं, समजा १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता साधारण साडेवीस हजार. एकूण व्याज एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. ट्रेनिंग थांबत नाही.

पर्याय दोन. पाच महिने थांबायचं, जुन्या क्षेत्रात कॉन्ट्रॅक्टचं काम करायचं, पुण्यात घरी राहायचं, बाबांकडे बघायचं, आणि महिन्याला सव्वा लाख बाजूला टाकायचे. आकडा जमतो, पण ओढूनताणून. परत आल्यावर उजळणीचे आठ तास, म्हणजे एक लाख वीस हजार.

बघितलंत? एक लाख अडतीस आणि एक लाख वीस. फरक अठरा हजार. एका तासाच्या उड्डाणाइतका, थोडा जास्त. दोन रात्री जागून शीट बनवली आणि पैशाने उत्तर दिलंच नाही!

तुमच्या बाबतीत देईल कदाचित. एज्युकेशन लोन असेल तर एक गोष्ट जरूर बघा. बहुतेक लोनमध्ये कोर्स चालू असेपर्यंत आणि वर काही काळ हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. वीस लाख उचललेत, दर ११ टक्के, तर वर्षाला दोन लाख वीस हजार व्याज. महिन्याला अठरा हजारांवर. ब्रेकमध्ये हे मीटर थांबत नाही. आणि कोर्स लांबला तर बँकेला आधी लेखी कळवा, नाहीतर त्यांच्या हिशोबाने तुमचा कोर्स संपलेला असतो आणि हप्ता सुरू होतो. अकादमीकडे आगाऊ भरलेल्या पैशांचं काय होणार, दर वाढले तर जुना दर मिळेल का, हेही कागदावर घ्या. तोंडी "हो हो, बघू" याला अर्थ नाही.

बरं, पैशाने उत्तर दिलं नाही. मग कशाने दिलं?

आम्हाला उडायच्या आधी स्वतःला तपासायची एक यादी शिकवतात. आजार आहे का, औषध घेतलंय का, ताण आहे का, दारू, थकवा, आणि मनाची अवस्था, खाणंपिणं. इंग्रजीत त्याच्या आद्याक्षरांचा 'आयएम सेफ' असा शब्द होतो. बाबांच्या ऑपरेशननंतर मी परत बारामतीला गेलो आणि तीन आठवड्यांत चार सॉर्टी मी स्वतः रद्द केल्या. हवामान छान, विमान तयार, मेडिकल ठीक. पण यादीत तिसऱ्या शब्दावर येऊन थांबायचो. ताण आहे का? आहे. फोन खिशात बंद असायचा आणि माझं लक्ष खिशाकडे.

सर काही बोलले नाहीत पहिल्या तीन वेळा. चौथ्या वेळी म्हणाले, "तू ब्रेक घ्यायचा का विचारतोयस. तू तर ब्रेकवरच आहेस. फक्त खोलीचं भाडं भरतोयस."

मंडळी, हे वाक्य माझ्यासाठी त्या शीटपेक्षा मोठं होतं. कारण ब्रेक न घेणं म्हणजे ट्रेनिंग चालू असणं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तुम्ही अकादमीत आहात, युनिफॉर्म घालताय, स्टेटस टाकताय, पण महिन्याला चार तासही होत नाहीयेत, तर तो ब्रेकच आहे. तारीख नसलेला ब्रेक. आणि सगळ्यात वाईट प्रकार तोच.

कारण ब्रेक दोन प्रकारचे. एक आपण घेतो, आणि एक आपल्यावर येऊन पडतो.

येऊन पडणारे आपण पाहिलेत. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं आणि देशभरातली ट्रेनिंगची विमानं हँगरमध्ये गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं कोसळली, १९ तारखेला आणि २२ तारखेला. त्याआधीच्या सहा महिन्यांतले अपघात धरून डीजीसीएने रेड बर्ड अकादमीचं सगळ्या बेसवरचं उड्डाण थांबवलं. त्या मुलांनी ब्रेक मागितला नव्हता. एका आदेशात ते जमिनीवर आले. त्यांच्या नाइटच्या तासांचं दूध कोण विचारणार?

आणि एक फार जुनं उदाहरण. सरला ठकराल. १९३६ साली, २१ व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवणारी बाई. विमान उडवायचं लायसन्स मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक. पदरात लहान मुलगी होती. नवरा पायलट, तो १९३९ साली विमान अपघातात गेला. तरी त्या कमर्शियल लायसन्सच्या तयारीला लागल्या, जोधपूरला गेल्या. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि नागरी ट्रेनिंग बंद पडलं. त्या लाहोरला परतल्या, मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर दिल्लीत दागिने आणि साड्यांच्या डिझाइनचा व्यवसाय उभा केला, उत्तम चालवला. पण कमर्शियल लायसन्स राहिलं ते राहिलंच.

मला ही गोष्ट दुःखाची वाटत नाही. बाई जगल्या मस्त. पण त्यांच्या ब्रेकला परतीची तारीख नव्हती, कारण युद्ध कधी संपणार हे कोणाच्या हातात होतं? आपल्यापैकी बहुतेकांच्या ब्रेकला तारीख घालणं आपल्या हातात असतं आणि तरी आपण घालत नाही. "बघू, जरा सेटल झालं की." हे "जरा" दोन वर्षांचं कधी होतं कळत नाही. तोवर हातात पगार येतो, पगारावर गाडीचा हप्ता येतो, आणि घरचे म्हणायला लागतात, "आता कशाला परत तो खेळ?"

म्हणून मी ठरवलंय ते सांगतो. मी ब्रेक घेतोय. १ जूनपासून पाच महिने. आणि परतीची तारीख आहे २ नोव्हेंबर. ही तारीख मी ब्रेक ठरवायच्या आधी ठरवली. सरांशी बोलून उजळणीचे पहिले तीन स्लॉट त्या आठवड्यात लिहून घेतलेत. आईला माहितीये, बाबांना माहितीये, आणि आता तुम्हा सगळ्यांना माहितीये. नोव्हेंबरमध्ये मला छळायची पूर्ण परवानगी.

पावसाळ्याचा पण विचार आहे त्यात. बारामती पर्जन्यछायेत, पुण्याइतका पाऊस नाही, पण ढग खाली आले आणि दृश्यता पाच किलोमीटरच्या खाली गेली की आमचं दुकान बंद. तसेही तास कमीच झाले असते.

या पाच महिन्यांत काय करणार? चार गोष्टी.

एक, महिन्यातून एक तास. शनिवारी पहाटे सासवड, जेजुरी, मोरगाव करत शंभरेक किलोमीटर गाडी चालवायची, इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास उडायचं, परत यायचं. पाच तासांचे ७५ हजार जातील. पण हे तास २०० मध्ये धरले जातात, म्हणजे ते वाया नाहीत. आणि नोव्हेंबरमधली उजळणी कमी होईल.

दोन, खुर्चीत बसून उड्डाण. हसू नका. रोज रात्री पंधरा मिनिटं, डोळे मिटून, चेकलिस्ट मोठ्याने म्हणत, हात जिथे जायचे तिथे नेत. इंजिन बंद पडल्याचा सराव तर रोज. आई दोनदा दारातून डोकावून गेलीये.

तीन, मेडिकल. क्लास वन मेडिकल आपल्या वयाला बारा महिने चालतं. ब्रेकमध्ये ते संपू द्यायचं नाही, कारण नवीन अपॉइंटमेंट आणि तपासण्यांत आठवडे जातात. आणि ब्रेक मनाच्या त्रासामुळे घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. लायसन्स जाईल या भीतीने मुलं बोलत नाहीत, मला माहितीये. पण न बोलता एकटं सोलोला जाणं हा उपाय नाही. आधी जमिनीवर बोला.

चार, हवेशी नातं ठेवा, स्वस्तात जमेल तसं. पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. विंचने ओढून ग्लायडर वर सोडतात, इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. ते कोणत्या दिवशी चालू असतं ते आधी विचारून जा. ते तास सीपीएलच्या विमानाच्या तासांत धरायला नाहीत, पण वारा कळायला त्यासारखं काही नाही.

आता तोटाही सांगतो, नाहीतर फसवणूक होईल. एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. माझ्या बॅचमधली मुलं पाच महिने आधी सीपीएल हातात घेतील. उद्या कुठे भरती निघाली आणि माझा अर्ज तयार नसला, तर ती गाडी चुकली. हे मला रात्री टोचतं. आणि लग्नाकार्यात "काय रे, झाला का पायलट?" विचारणारे काका आहेतच. त्यांना काय सांगायचं हे अजून ठरलं नाहीये. बहुतेक "नोव्हेंबर" एवढंच सांगेन.

पण मला एक गोष्ट पहिल्या दहा तासांतच शिकवलीये. अप्रोच नीट जमला नाही, वेग जास्त आहे, रेषेत नाही, तर ओढूनताणून उतरायचं नाही. पॉवर द्यायची, वर जायचं, फेरी मारून परत यायचं. गो-अराउंड. जो वेळेवर गो-अराउंड करतो त्याला सर रागवत नाहीत, उलट लॉगबुकवर सही करताना "गुड डिसिजन" म्हणतात. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत असते, की तुम्ही फेरी मारून धावपट्टीवर परत येणार आहात. सर्किटचा रस्ता ठरलेला असतो, उंची ठरलेली असते. नुसतं वर जाऊन कुठेतरी निघून गेलात, तर त्याला गो-अराउंड म्हणत नाहीत.

तर कोणी ब्रेकच्या विचारात असेल, त्याने आज रात्री एका कागदावर तीन ओळी लिहा. मी कोणत्या टप्प्यावर आहे आणि माझे कोणते तास नासतील? परत यायला नेमकं काय पूर्ण व्हायला हवं, रुपयांत किंवा तब्येतीत? आणि परतीची तारीख कोणती, ती कोणाला सांगितलीये? तिन्ही ओळी लिहिता आल्या तर बिनधास्त थांबा. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, हात अडत असेल, तर कदाचित तुम्हाला ब्रेक नकोच आहे, सोडायचंय. त्यातही लाज नाही. पण मग तसं स्पष्ट म्हणा, उरलेले पैसे परत मागा, आणि मोकळे व्हा.

तुमच्या तीन ओळी मला पाठवा. नावं घेणार नाही, पण पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर काळजी घ्या, बाइकवर हेल्मेट घाला. हे माझ्या बाबांकडून.